डोंगर नसलेला देखावा

आप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या इमारतीच्या लिफ्टसमोर उभे राहून भिंतीवरच्या एका पाटीकडे नाराजीने बघत होते. पाटी डच भाषेत होती. आग लागली तर लिफ्ट वापरू नका, एवढाच तिचा मजकूर. पण आप्पा ती वाचत नव्हते. एक डोळा मिटून, अंगठा आणि तर्जनी यांच्यात अंतर धरून ते अक्षरं मोजत होते. पांढराशुभ्र सदरा, त्यावर लेकीने आणलेलं जाड जॅकेट, पायांत मोजे आणि मोज्यांवर कोल्हापुरी वहाणा. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं, तरी ते हलले नाहीत.

वहाणांमुळे भाषेचा प्रश्न मिटला होता. मी विचारलं, "काही शोधताय का?"

"ह्ये इंग्रजी यस बघा," ते पाटीवर बोट ठेवून म्हणाले, जणू आमची जुनी ओळख होती. "वरचं पोट आन खालचं पोट सारखंच काढलंय. खालचं जरा मोठं लागतंय. न्हायतर अक्षर तोंडावर पडतंय." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही मराठी? ब्येस झालं. मी शुभांगीचा बाप."

शुभांगी माझ्याच मजल्यावर, दोन दारं सोडून राहायची. माझ्यासारखीच नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ या देशात आलेली, आणि माझ्यासारखीच दोन-तीन वर्षं घरात बसून कंटाळल्यावर कामाला लागलेली. ती रॉटरडॅमला ऑफिसला जायची. मी एका कंपनीच्या पगारपत्रकांचं काम बहुतेक दिवस घरूनच करायचे. त्यामुळे त्याच संध्याकाळी तिने मला गळ घातली, "माधवी, दुपारचं जरा आप्पांकडे लक्ष ठेवशील? त्यांना गप्प बसवत नाही, आणि इथे बोलायला कोणी नाही."

आईवडिलांना इथे एका वेळी तीनच महिने राहता येतं. व्हिसाच तेवढा मिळतो. आप्पा तीन वर्षांत तीनदा आले. म्हणजे माझी त्यांची ओळख सगळी मिळून नऊ महिन्यांची. पण त्या नऊ महिन्यांत एका सदुसष्ट वर्षांच्या माणसाचा हात बदलताना मी पाहिला, आणि तसं काही पाहायला मिळणं ही काही रोजची गोष्ट नाही.

गावाकडे, विट्यात, त्यांना हणमंत पेंटर म्हणत. आडनाव लोहार होतं, पण ते रेशनकार्डापुरतंच. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, निवडणुकीच्या भिंती, यात्रेतल्या पाळण्यांवरचे वाघ-सिंह, सगळं त्यांच्या हातचं. कानडी येत नव्हतं, उर्दू येत नव्हतं, पण दोन्ही भाषांत पाट्या रंगवल्या होत्या आणि "एक काना-मात्रा चुकलेली दावा" असं त्यांचं आव्हान असायचं. उर्दूला काना-मात्रा नसतात हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. पुढे फ्लेक्स आला. "फ्लेक्स आला आन ब्रश वाळला," एवढंच ते म्हणत, एसटीची वेळ सांगावी तसं. दुकानाला कुलूप लागून आठ वर्षं झाली होती.

सदऱ्याच्या खिशात मात्र अजूनही खडूचा तुकडा असायचा. कुठे बसले की खडू निघायचा आणि टेबलावर एक सरळ रेघ मारली जायची. मग ती मनगटाने पुसायची. रेघ मारताना श्वास धरायचा, हा त्यांचा पहिला नियम. कपड्यावर रंगाचा ठिपका पडता कामा नये, हा दुसरा. आयुष्यभर रंगात हात घातलेल्या माणसाचा सदरा इतका पांढरा कसा, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "रंग आपल्या अंगावर पडला म्हंजे गिऱ्हाइकाचा माल वाया गेला की वो." सुपरमार्केटमध्ये ते भाजी बघायचेच नाहीत. पाकिटांवरची अक्षरं बघत फिरायचे, आणि एखादं आवडलं तर तो पदार्थ लागो न लागो, टोपलीत टाकायचे. शुभांगीच्या घरात त्या काळी मोहरीच्या सॉसच्या सहा बाटल्या होत्या. अक्षराला वळण फार छान होतं म्हणे.

पण विट्यात त्यांचं खरं नाव होतं ते देखाव्यासाठी. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली आणि खाली येता येता रुंद होणारी नदी, काठावर एक झोपडी, दोन नारळाची झाडं, आणि आकाशात पाच पक्षी. ट्रकांच्या पाठीवर, फोटो स्टुडिओच्या पडद्यांवर, गणपतीमागे, मिठाईच्या दुकानांत त्यांनी हा देखावा किती वेळा काढला असेल याची गणती नव्हती. "डोळं झाकून काढतो," असं ते म्हणत आणि ते खरंच होतं.

आमचं कापेल हे रॉटरडॅमच्या कडेचं गाव. ऑफिसांच्या इमारती, राहायच्या इमारती, आणि मागून वाहणारी आयसेल नदी. सातव्या मजल्याच्या गॅलरीतून नदीपलीकडची सपाट हिरवी जमीन क्षितिजापर्यंत दिसते. पहिल्या आठवड्यात आप्पा रोज तिथे उभे राहायचे आणि रोज तेच म्हणायचे.

"ताई, ह्या देशाला डोंगर द्यायचं इसरलं का काय वो?"

"नाहीतच डोंगर इथे."

"मग ही लोकं देखावा कशाचा काढत्यात?"



त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाला गणपतीमागे लावायला पडदा हवा होता. शुभांगीने वडिलांचं नाव सुचवलं. आठ वर्षांनी आप्पांनी ब्रश हातात घेतला. मंडळाचा गणपती वस्तीच्या सभागृहात बसायचा, तिथेच मागच्या खोलीत कापड ताणून त्यांनी एका दुपारी देखावा उतरवला. मी पाहत होते. हाताला क्षणभरही थांबावं लागत नव्हतं. डोंगर, सूर्य, नदी, झोपडी, नारळ, आणि शेवटी फटाफट पाच पक्षी. प्रत्येक वस्तूला काळी, बारीक, एकसारखी कड. लोक खूश झाले. पोरं, आया, आज्या सगळ्यांनी त्यापुढे उभं राहून फोटो काढले. आप्पा कडेला हात मागे बांधून उभे होते, आणि बऱ्याच दिवसांनी दुकान उघडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

सभागृहाच्या किल्ल्या पीट नावाच्या एका डच गृहस्थाकडे असत. सत्तरीचा, ताडमाड उंच, हातांचे पंजे फावड्याएवढे. नोकरीत असताना त्याचं काम नदीचे बांध तपासण्याचं होतं. पस्तीस वर्षं तो बांधावरून चालत भेगा, उंदरांची बिळं आणि पाण्याची पातळी बघत आला होता. आता खुर्च्या मांडणं-उचलणं हे काम तो आवडीने, फुकट करायचा. आरती झाल्यावर तो पडद्यासमोर येऊन थांबला. बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "छान आहे. कुठलं आहे हे? त्यांचं गाव?"

मी आप्पांना विचारलं.

"न्हाय न्हाय," आप्पा हसले. "आमच्याकडं कुठली आलीय अशी नदी. येरळा हाय, पर तिला पाणी कुठं असतंय? नारळ तर न्हायच."

"मग कुठलं आहे, विचारतोय तो."

आप्पांनी पडद्याकडे बघितलं. "कुठलंच न्हाय," ते म्हणाले.

मी पीटला सांगितलं. त्याने चांगुलपणाने मान हलवली, "अच्छा, मनातलं," असं काहीतरी म्हणाला आणि खुर्च्या उचलायला गेला. त्याच्या लेखी विषय संपला होता. पण आप्पा प्रसादाचं ताट हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांनी मोदक खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. "ताई, रातभर इचार केला. चाळीस वर्सं मी कुठं नसलेलं गाव काढत आलो बघा. आन एकानं इचारलं न्हाय, हणमंता, ह्ये कुठलं? गिऱ्हाइकाला जे पायजे ते काढायचं, आपल्याला काय दिसतंय ते कोण इचारतंय, असं मी हाताखालच्या पोरांना शिकवायचो. ह्यो पहिलाच भेटला इचारणारा." मग म्हणाले, "मला नदीकडं घिऊन चला."

मी लॅपटॉप बंद केला आणि गेले. बांधावर एका बाकावर ते कागद घेऊन बसले. नदी काढली, काठचं उंच बोरूचं गवत काढलं, पलीकडची जमीन काढली. मी फोनवर बोलत जरा लांब गेले. परत आले तर कागदावर आयसेल नदी होती, आणि तिच्यामागे दोन डोंगर होते, मधून सूर्य वर येत होता.

"आप्पा, हे काय?"

ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. "ऐकत न्हाय," ते म्हणाले. "मी न्हाय काढलं. त्यानं काढलं."

त्या खेपेला ते परत गेले तेव्हा त्यांच्या पिशवीत अशी पंधरा-सोळा चित्रं होती. सगळ्यांत डोंगर होते. शेवटच्या दोन-तीनमध्ये ते जरा बुटके झाले होते, एवढंच.

दुसऱ्यांदा ते आले ते जानेवारीत. आम्ही सगळ्यांनी शुभांगीला वेड्यात काढलं. या देशात जानेवारीत कोणी आईबापांना बोलावतं? झाडं उघडी, आभाळ डोक्यावर टेकलेलं, चार वाजता दिवस आवरायला लागलेला. पण त्यांना आणायला जायची रजा तिला तेव्हाच मिळाली होती. आप्पा गॅलरीत उभे राहिले आणि मला वाटलं, आता हे म्हणणार, ह्या देशाला रंग द्यायचं पण विसरले का. तसं काही ते म्हणाले नाहीत. खूप वेळाने म्हणाले, "करडा रंग किती परकारचा असतोय वो."

पाटीवाल्या पेंटरचा करड्याशी संबंध येत नाही. लाल, पिवळा, निळा, काळा, पांढरा, डब्यातून काढायचा आणि लावायचा. मिसळायचा नाही, कारण मिसळलेला रंग दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच जमत नाही, आणि अर्धी पाटी एका रंगाची नि अर्धी दुसऱ्या रंगाची झाली तर गिऱ्हाईक डोक्यावर बसतं. ही आयुष्यभराची सवय. आता शुभांगीच्या जेवायच्या ताटल्या घेऊन ते करडा रंग कालवत बसले. काळा-पांढरा घातला की रस्त्याच्या डांबरासारखा मेलेला करडा व्हायचा. मग थोडा निळा. मग चुकून थोडा तांबडा, आणि ओरडले, "ताई, आला! पाण्यावरचा आला!" मी धावत जाऊन बघितलं. ताटलीत मला चिखल दिसला. पण त्यांनी तो कागदावर एका पट्ट्यात ओढला आणि खरंच, ते पाणी होतं.

पीट त्यांना आता रोज बांधावर फिरायला न्यायचा. सगळे ज्यांना आप्पा म्हणतात ते म्हणजे 'ओपा' असावेत असा त्याचा समज झाला होता. डच भाषेत ओपा म्हणजे आजोबा. स्वतः आप्पांपेक्षा तीन वर्षांनी मोठा असूनही तो त्यांना बिनदिक्कत ओपा म्हणायचा. दोघांची समाईक भाषा कुठलीच नव्हती. एक डचमध्ये बोलायचा, दुसरा माणदेशीकडे झुकणाऱ्या मराठीत, आणि दोघांना एकमेकांचं म्हणणं पटत असायचं.

एकदा आप्पा मला म्हणाले, "पीटला मराठीतला एक शब्द येतोय."

"कुठला?"

"कैक. बदकं दिसली की म्हणतोय, कैक. ढग आलं की, कैक. मी म्हणतो, व्हय बाबा, कैक हायत."

मी हसत सुटले. डचमध्ये 'कैक' म्हणजे बघ. पीट आपला प्रत्येक वेळी 'बघ, बघ' म्हणत होता. हे ऐकल्यावर आप्पा हसले नाहीत. खिशातला खडू काढून त्यांनी माझ्या टेबलावर एक रेघ मारली, पुसली, आणि म्हणाले, "दोन्ही बरोबरच हाय की. बघितलं तर कैक हाय."

फेब्रुवारीत तो प्रकार झाला. आमची आयसेल समुद्राच्या भरती-ओहोटीने चढते-उतरते. ओहोटीला काठाशी चिखलाचा पट्टा उघडा पडतो, बोरूंची मुळं दिसतात. आप्पांना बोरू जवळून बघायचे होते. एके दिवशी पीट आला नव्हता, मी मीटिंगमध्ये होते. ते एकटेच गेले, बांध उतरून चिखलापलीकडच्या एका दगडी उंचवट्यावर जाऊन बसले आणि चित्र काढायला लागले. पाणी कधी चढलं ते त्यांना कळलंच नाही. उठून बघतात तर मागचा चिखल पाण्याखाली. बांधावरून कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईने बघितलं, तिने सभागृहात जाऊन सांगितलं, आणि पीट गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरून त्यांना हाताला धरून घेऊन आला. मी पोचले तेव्हा दोघं बाकावर बसले होते, ओले, थरथरत. आप्पांच्या एका पायात वहाण नव्हती. कागद मात्र त्यांनी डोक्यावर धरून कोरडा आणला होता.

"ताई, नदी उलटी वाहती हितं!" मला बघताच ते म्हणाले. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता. "सकाळी तिकडं चाललेली, आता मागं आली. असली नदी कधी बघितली न्हाय."

शुभांगी ऑफिसातून धावत आली. आधी तिने त्यांना कोरडे कपडे दिले, डॉक्टरांकडे नेऊन तपासून आणलं, आणि मग फुटली. "तुम्हाला काही झालं असतं तर मी काय केलं असतं, आप्पा? कोणाला तोंड दाखवलं असतं? आजपासून नदीवर जायचं नाही. एकटंही नाही आणि पीटबरोबरही नाही."

लेकीच्या घरी आहोत, म्हणून आप्पांनी ऐकलं. तीन दिवस ते गॅलरीत खुर्ची टाकून बसून राहिले. मी चहा घेऊन गेले तर बशीत ओतून पीत, पण नजर वर. नदी बंद झाली म्हणून दुसरं काही बघायला उरलं नव्हतं, तेव्हा त्यांनी आभाळ बघायला सुरुवात केली.

चौथ्या दिवशी शनिवार होता, शुभांगी घरीच होती. मी गेले तर आप्पा गॅलरीत चित्र काढत होते. कागदाच्या तळाशी बोटभर जमीन, आणि वर सगळं आभाळ. डोंगर नव्हते. मी काही म्हणणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "ढगाला कड कुठनं काढायची वो? कड हायच न्हाय त्याला." ती काळी, एकसारखी रेघ, जी त्यांच्या प्रत्येक वस्तूभोवती असायची, ती त्या चित्रात कुठेच नव्हती.

शुभांगी दारात उभी होती. तिने ते चित्र बघितलं आणि एकदम म्हणाली, "आईचं चित्र का नाही काढलंत तुम्ही?"

मी उठायला लागले. तिने मला हाताने बसवलं. सहा वर्षं हा प्रश्न तिच्याजवळ होता, आणि तो विचारायला बहुधा तिला तिसरं माणूस हवं होतं. आप्पांनी विट्यातल्या किती घरांतल्या गेलेल्या माणसांची चित्रं फोटोवरून काढून दिली होती. पण त्यांची बायको गेली तेव्हा भिंतीवर फ्लेक्सवर छापलेला फोटो लागला. नातेवाईक कुजबुजले होते. शुभांगीला ते लागलं होतं.

आप्पांनी ब्रश पाण्यात ठेवला.

"बसलो हुतो काढायला," ते म्हणाले. "आधारकार्डाचा फोटो घेतला, चौकोन आखलं. लोकांच्या घरची माणसं तशीच काढायचो, एकेक चौकोन. काय अडत न्हवतं, कारण त्यास्नी मी कधी बघितलेलं नसायचं. हिचं डोळं काढायला घेतलं आन कळलं, फोटोतलं डोळं हिचं न्हाईत. क्यामेऱ्याला घाबरलेलं डोळं. मग म्हटलं आठवून काढू. तर आठवंना. चाळीस वर्सं एका घरात ऱ्हायलो, शुभे. हसताना ती डोळं कसं करायची, मला ठावं न्हाय. ती पुढ्यात असायची आन मी पाट्या बघायचो."

शुभांगी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली.

"बारीक करायची," ती म्हणाली. "डावा जास्त."

"व्हय?"

"हो. आणि हसू आवरायचं असलं की खाली बघायची."

आप्पांनी मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवली. मी चहाच्या कपबशा उचलून आत गेले आणि त्या उगाच दोनदा धुतल्या.

सोमवारी मी त्यांच्या घरी गेले तर फ्रिजवर शुभांगीच्या अक्षरात एक कागद होता. आठवड्याचे सात वार, आणि प्रत्येकापुढे त्या-त्या दिवसाची वेळ मराठीत लिहिलेली. सोमवारपुढे: ओहोटी दहा चाळीस. भरती साडेचार. तिने भरतीचं वेळापत्रक शोधून उतरवून ठेवलं होतं, आणि खाली तिरकं लिहिलं होतं, "उंचवट्यावर बसायचं नाही." आप्पांच्या पायात नवे रबरी बूट होते. कागदाकडे बघत ते मला हळूच म्हणाले, "पोरीचं अक्षर चांगलं हाय. फक्त ओहोटीतला ह जरा आखडलाय."

तिसऱ्या खेपेला ते मे महिन्यात आले. मधल्या काळात विट्यात ते गच्चीवरून रोज आभाळ काढत होते, हे मला फोनवर कळत होतं. आता त्यांचा हात वेगळाच झाला होता. आधी ते बसल्या बसल्या ब्रश उचलायचे. आता अर्धा-अर्धा तास नुसते बसायचे. माझ्यासारखीला वाटावं, डुलकी लागली. मग एकदम दहा मिनिटांत चित्र. कागदावरचं काही बोट दाखवून सांगता यायचं नाही, हे झाड, हे घर, असं. पण वारा कुठून आहे ते कळायचं.

मंडळाच्या लोकांनी मुलांच्या कार्यक्रमासाठी पुन्हा पडदा मागितला. आप्पांनी तो काढून दिला. खाली हिरवी पट्टी, तिच्यात पाण्याची एक चमक, वर आभाळ. चिटणीसबाई बराच वेळ बघत राहिल्या. "काका, छान आहे, पण यात काहीच नाहीये हो."

"व्हय," आप्पा म्हणाले. "तेच काढायला लई येळ लागला."

बाईंनी तरीही वरून दोन फुगे आणि एक मोर चिकटवला. आप्पांनी हरकत घेतली नाही. गिऱ्हाइकाची बाजू त्यांना कळत होती.

त्याच जूनमधली एक सकाळ मला सगळ्यात जास्त आठवते. मी आणि आप्पा बांधावर होतो. ते आदल्या दिवशी काढलेलं चित्र पुठ्ठ्यावर लावून बघत बसले होते. चित्रात काठ, बोरू आणि पाणी, एवढंच. पीट सायकलवरून आला, उतरला, चित्राकडे बघितलं. मग वाकला. मग खिशातून चष्मा काढून लावला. आणि डचमध्ये असं काही बोलला की मला ते पुन्हा विचारावं लागलं.

"काय म्हणतोय?" आप्पांनी विचारलं.

"तो म्हणतोय, पाणी उतरून संपत आलंय. अजून तासाभराने फिरेल."

"कशावरनं म्हणतोय?"

पीटने चित्रातल्या चिखलावर, कागदाला न लावता, बोट धरलं. बोरूंच्या मुळांशी एक गडद, ओली पट्टी होती, वर ती सुकत फिकी होत गेली होती. पाणी नुकतंच कुठून खाली गेलंय, हे त्या पट्टीच्या रुंदीवरून त्याला कळलं होतं. पस्तीस वर्षं तो हेच बघत आला होता. मी आप्पांना विचारलं, ब्रश उचललात तेव्हा किती वाजले होते? दहा वाजले असतील, ते म्हणाले. मी फोनवर आदल्या दिवशीची ओहोटी काढून बघितली. अकराला पाच कमी.

आप्पांनी माझ्याकडून ती वेळ दोनदा वदवून घेतली. "मला म्हाईत न्हवतं की वो," ते म्हणाले. "मी आपलं दिसलं तसं काढलं. पट्टा ओला दिसला, ओला काढला." मग त्यांनी ते चित्र पुठ्ठ्यावरून सोडवलं आणि दोन्ही हातांनी पीटपुढे धरलं. पीट नको नको म्हणत होता, त्याचे कान लाल झाले होते. शेवटी त्याने ते घेतलं आणि सायकलच्या पिशवीत ठेवताना इतकं जपलं की आतली पावाची लादी काढून हातात धरली.

चौथ्या वर्षी आप्पा आले नाहीत. शुभांगीने तिकीट काढायला फोन केला तर म्हणाले, "हितंच लई ऱ्हायलंय." विट्याबाहेरच्या माळावर ते आता रोज सकाळी स्टूल घेऊन जाऊन बसतात. बाभळी, करडं गवत, येरळेचं कोरडं पात्र. माणसं गाड्या थांबवून विचारतात, पेंटर, कुणाचा फोटो काढताय? "ह्याचा," असं म्हणून ते माळाकडे हात करतात. त्या माळाशेजारी त्यांचा जन्म गेला होता. "येवढा मोठा हुता, मला दिसलाच न्हवता," असं मला फोनवर म्हणाले. शुभांगीला ते चित्रांचे फोटो पाठवतात. ती मला दाखवते, पीटला दाखवते. मागच्या महिन्यात आलेल्या चित्रात माळाच्या टोकाला एक डोंगर होता. मी दचकून फोन केला. "आप्पा, डोंगर परत आला?"

"तो खरा हाय," ते म्हणाले. "रेवणसिद्धाच्या देवळाच्या अंगाला. या एकदा, दावतो."

माझं अजून जाणं झालेलं नाही. त्यांना शेवटचं पाहिलं ते तिसऱ्या खेपेला निघाले तेव्हा, विमानतळावर. गाडी मी चालवत होते. प्रवाशांना उतरवायच्या जागी आम्ही सामान खाली ठेवलं. शुभांगी ढकलगाडी आणायला पळाली, मी परत गाडीत बसले. नुकतीच सर येऊन गेली होती. इमारतींच्या वर पश्चिमेला ढग फाटत होते आणि त्या फटीतून उजेड खाली येत होता, ओल्या काचांवर, बसगाड्यांवर, सगळ्यांवर. आप्पा दोन बॅगांच्या मध्ये मान वर करून उभे होते. मागे गाड्या खोळंबल्या. पिवळं जाकीट घातलेला तिथला माणूस माझ्या काचेवर टकटक करून म्हणाला, पुढे चला, पुढे चला. मी गाडी पुढे काढली. आरशात दिसत होतं, तो आता आप्पांकडे वळला होता, बॅगा बाजूला घ्या असं हाताने सांगत होता. आप्पांनी त्याच्याकडे न बघताच ढगांकडे हात केला. त्या माणसाने वैतागून त्या हाताच्या दिशेने पाहिलं. मग त्याचा स्वतःचा हात खाली आला. मी वळणावर पोचेपर्यंत दोघं तसेच शेजारी शेजारी उभे होते, माना वर करून, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.